कारभाऱ्याची पारख आणि वर्तमानपत्रें

मांडवा हें अलिबाग तालुक्यांतलें बंदर मुंबईच्या अगदीं समोर आहे. गेट वेहून सुटलेली लाँच तासाभरांत येथें लागते, आणि २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसें आणणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. मुंबईंत छापलेलें वर्तमानपत्र या किनाऱ्यावर येतें, आणि मुंबईंत, मंत्रालयांत झालेला निर्णयही अखेर याच किनाऱ्यावर येतो. परंतु दोघांची चाल सारखी नाहीं. पत्र त्याच सकाळीं हातीं पडतें. निर्णय मात्र मंत्रालयांतून जिल्ह्याला, जिल्ह्यांतून तहसिलीला, तहसिलींतून तलाठ्याकडे आणि तेथून एखाद्या निराधार म्हातारीच्या हातीं पोंचेपर्यंत वर्ष जातें, कधीं दोन जातात. राज्यकर्त्यांविषयींचीं आपलीं बहुतेक मतें या दोन चालींच्या मधल्या अंतरांत तयार होतात, आणि एकदां तयार झालीं कीं सहसा बदलत नाहींत.

वर्तमानपत्रें पक्षपाती असतात, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. ती खोटी नाहीं. पण ती जितकी नवी समजली जाते तितकी नवीही नाहीं. याच किनाऱ्याचा दाखला घ्यावा. कुलाब्याच्या किल्ल्यांतून कान्होजी आंग्रे यांनीं हा समुद्र राखला. छत्रपतींचे ते सरखेल. त्यांच्या दस्तकावांचून फिरणाऱ्या जहाजांना ते अडवीत, आणि किनाऱ्याचें स्वामित्व ज्याच्याकडे आहे त्यानें जकात घ्यावी हा त्यांचा हक्क होता. मुंबईच्या इंग्रजांना ही गोष्ट जाचत असे. सबब त्यांच्या लेखीं आंग्रे म्हणजे चांचा. कान्होजी १७२९ सालीं वारले; १७३७ सालीं क्लेमेंट डाउनिंग या इंग्रजानें लंडनांत पुस्तक छापलें, त्याच्या मथळ्यांतही आंग्रे यांच्या नांवाला चांचेपणाचें विशेषण चिकटविलें आहे. गंमत अशी कीं कंपनी स्वतःही जहाजांना परवाने देत असे आणि ते सर्वांनीं मानावे असा तिचा आग्रह असे. तिनें दिला तर तो परवाना, आंग्रे यांनीं मागितला तर ती लूट. कान्होजींची बाजू सांगणारें छापील पान त्या काळीं निघणें शक्यच नव्हतें. पहिलें मराठी वृत्तपत्र 'दर्पण' निघालें तें १८३२ सालीं, म्हणजे कान्होजींच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनीं.

मांडवा हें नांव साऱ्या देशाला परिचित झालें तें मात्र बोलपटामुळें. १९९० सालच्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटांत मांडव्याच्या दीनानाथ चव्हाण नांवाच्या शाळामास्तराची बनावट बदनामी होते आणि तिच्यावर विश्वास ठेवून गांवकरी त्याच्या जिवावर उठतात. खऱ्या मांडव्याचा या कल्पित कथेशीं कांहीं संबंध नाहीं. पण प्रेक्षक त्या मास्तरासाठीं हळहळतात याचें कारण हें कीं तो निर्दोष आहे, आणि तो निर्दोष आहे हें प्रेक्षकांना आधींच ठाऊक आहे. सार्वजनिक जीवनांतला खरा प्रश्न इतका सोपा क्वचितच असतो. तेथें माणूस पुरता निर्दोष नसतो, आरोप पुरता खोटा नसतो, आणि आधींपासून सर्व कांहीं ठाऊक असलेला प्रेक्षक तर कोठेंच नसतो.

असा अवघड खटला पाहण्यासाठीं या जिल्ह्याला दूर जावें लागत नाहीं. अब्दुल रहमान अंतुले हे याच जिल्ह्यांतल्या आंबेत गांवचे. १९२९ चा जन्म, विलायतेंत बॅरिस्टरीचें शिक्षण, श्रीवर्धनहून विधानसभा, आणि जून १९८० मध्यें महाराष्ट्राचें मुख्य मंत्रिपद. या राज्याचे ते पहिले मुसलमान मुख्य मंत्री. १२ जानेवारी १९८२ रोजीं त्यांनीं राजीनामा दिला. म्हणजे अवघा एकोणीस महिन्यांचा कारभार. त्यांतले शेवटचे साडेचार महिने एका प्रकरणानें असे व्यापले कीं आजही त्यांचें नांव निघतांच मध्यम वर्गाच्या घरांत पहिला शब्द उच्चारला जातो तो 'सिमेंट'.

तें प्रकरण आजच्या तरुण वाचकाला नीट उलगडून सांगणें जरूर आहे. कारण सिमेंटसारख्या सामान्य वस्तूवरून सरकार डळमळावें हें त्याला नवलाचें वाटेल. त्या काळीं देशांत सिमेंटचा तुटवडा होता. भाव आणि वांटप दोन्ही सरकारच्या हातीं. केंद्राकडून राज्याला ठराविक वांटा मिळे, आणि राज्य तो परवान्यांनीं वांटी. ज्याला पडवीचा ओटा बांधावयाचा त्यालाही चार पोत्यांसाठीं अर्ज करावा लागे. सरकारी भाव आणि काळ्या बाजारांतला भाव यांत मोठें अंतर होतें. अशा स्थितींत परवाना हा नुसता कागद राहत नाहीं. तोच पैसा होतो. ज्याच्या सहीनें परवाना निघतो त्याच्या हातीं टांकसाळच येते म्हणा ना. मुंबईंत मोठमोठ्या इमारती बांधणारांना या सहीची किंमत पुरेपूर ठाऊक होती. इकडे अंतुले यांच्या पुढाकारानें कांहीं न्यास निघाले होते. त्यांतला मुख्य 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'. कलावंतांना व साहित्यिकांना साहाय्य करणें हा त्याचा जाहीर हेतु. ३१ ऑगस्ट १९८१ रोजीं 'इंडियन एक्स्प्रेस' पत्रांत अरुण शौरी यांचा लेख आला. ज्यांना सिमेंट मिळालें त्यांच्याकडूनच या न्यासांना देणग्या मिळाल्या आहेत, असें त्यांत दाखविलें होतें.

आतां येथें पक्षपाताचा मुद्दा येतो. 'इंडियन एक्स्प्रेस'चे मालक रामनाथ गोएंका. आणीबाणींत या पत्रानें सरकारचा जाच सोसलेला होता, आणि इंदिरा गांधी यांच्या पक्षाविषयीं त्याच्या मनांत प्रेम नव्हतें हें त्याचा रोजचा वाचकही जाणून होता. तेव्हां अंतुले यांच्या अनुयायांनीं जें उत्तर दिलें तें सहज सुचण्यासारखें होतें: पत्र शत्रूचें आहे, म्हणून बातमी खोटी आहे. कोणी त्यापुढें जाऊन असेंही म्हणाले कीं अल्पसंख्य समाजांतला मुख्य मंत्री बड्या मंडळींच्या डोळ्यांत खुपतो, आणि हें सारें त्यासाठींच चाललें आहे.

हें उत्तर टिकलें नाहीं. पु. बा. सामंत आदींच्या अर्जावर मुंबईच्या उच्च न्यायालयांत सुनावणी झाली, आणि न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांनीं १२ जानेवारी १९८२ रोजीं निकाल दिला. देणगी व सिमेंट यांत देवघेवीचा संबंध आहे, असा त्याचा आशय होता. त्याच दिवशीं मुख्य मंत्र्यांनीं राजीनामा दिला. बातमी देणाऱ्याचा हेतु आणि बातमीचा पुरावा या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें या निकालानें स्पष्ट केलें. वैऱ्यानें सांगितलें कीं घराला आग लागली आहे, तर वैऱ्याच्या स्वभावाची चर्चा मागाहून करावी, आधीं छपराकडे पाहावें. वर्तमानपत्राचा कल ओळखणें हें पारखीचें पहिलें पाऊल खरें; पण पुष्कळ सुशिक्षित लोक या पहिल्या पावलालाच मुक्काम समजून बसतात. कल ओळखला कीं त्यांना वाटतें, आतां वाचण्याची गरज उरली नाहीं.

परंतु दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे, आणि ती शहाण्या माणसांकडून अधिक घडते. बातमी खरी ठरली, तेव्हां माणसाचा सगळा हिशेब झाला, असें ते धरून चालतात. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण अशा वेळीं हटकून तोंडीं येते. भाताच्या या मुलखांत त्या म्हणीचा नीट विचार करावयास हरकत नाहीं. शितावरून भात कळतो, याचें कारण सगळीं शितें एकाच भांड्यांत, एकाच पाण्यांत, एकाच विस्तवावर शिजलेलीं असतात. राज्यकर्त्याचीं कृत्यें एका भांड्यांत शिजत नाहींत. कांहीं चार महिन्यांत शिजतात, कांहींना चाळीस वर्षें लागतात. सिमेंटच्या शितावरून सिमेंटची परीक्षा पक्की झाली. बाकीच्या भांड्यांवरचें झांकण मात्र त्या वेळीं कोणीं उघडून पाहिलें नाहीं; आणि पाहिलें असतें तरी तेथें अजून पाणीच दिसलें असतें.

त्यांतलें एक भांडें म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० सालीं सुरू झाली. ज्याला कमावता आधार नाहीं अशी विधवा, नवऱ्यानें टाकलेली बाई, अपंग, क्षय किंवा कुष्ठ अशा दुखण्यानें काम सुटलेला माणूस, यांना सरकारी खजिन्यांतून दरमहा कांहीं रक्कम द्यावयाची, अशी तिची मांडणी. त्या वेळीं मुंबईच्या पत्रांना हा विषय फार मोठा वाटणें कठीण होतें. त्यांत चोरी नव्हती, भांडण नव्हतें, रक्कमही क्षुल्लक होती. उलट एका पुढाऱ्याच्या अकालीं वारलेल्या मुलाचें नांव योजनेला दिलें ही गोष्ट अनेकांना खुशामत वाटली, आणि तसें वाटण्याला जागाही होती.

या योजनेला पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं. या अवधींत राज्यावर काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं, १९९५ सालीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांचें आलें, १९९९ सालीं दोन काँग्रेस पक्षांचें आलें, २०१४ नंतर पुन्हां उलथापालथ झाली. ज्यांनीं अंतुले यांच्यावर सभागृहांत टीकेची झोड उठविली त्यांचे वारसही सत्तेवर बसले. कोणींही ही योजना बंद केली नाहीं; नांवही बदललें नाहीं. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा हजारांवरून दीड हजार रुपये करण्यांत आली. विरोधकाच्या तोंडचें कौतुक क्वचित् ऐकूं येतें, परंतु विरोधकानें आपल्या अर्थसंकल्पांत वर्षानुवर्षें चालूं ठेवलेली बाब हें त्याहून भरवशाचें प्रशस्तिपत्र होय. तें कोणत्याही पत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीं.

याचा अर्थ योजना निर्दोष होती असा मात्र कोणीं घेऊं नये. लाभार्थी निवडण्यासाठीं तालुक्यांत समित्या नेमल्या जातात आणि त्यांवर राजकीय मंडळी बसतात; त्यामुळें खऱ्या निराधारापेक्षां ओळखीच्या माणसाचा अर्ज आधीं पुढें सरकतो, ही तक्रार जवळजवळ योजनेइतकीच जुनी आहे. मिळकतीची मर्यादा वर्षाला एकवीस हजार रुपये. ती अनेक वर्षें जेथल्या तेथें राहिली. आजच्या दिवसांत वर्षाला एकवीस हजारांत राहणारें कुटुंब दाखवावयाचें म्हणजे दाखला देणाऱ्या तलाठ्यानेंही डोळे मिटावे लागतात. रक्कम वाढली ती महागाईच्या मागून लंगडत. शिवाय श्रेय कोणाचें, हाही प्रश्न आहेच. मुख्य मंत्री सही करतो. टिपणी कोणा अधिकाऱ्याची असते, कल्पना आणखी कोणाची, आणि पैसा सर्वांचा. गरिबाला कामाचा हक्क देणारी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या चिंतनांतून निघाली आणि अनेक मुख्य मंत्र्यांच्या हाताखालून गेली. १९७७ सालीं राज्यानें तिचा कायदा केला, आणि २००५ सालीं साऱ्या देशानें त्या धर्तीवर कायदा केला. तिचें श्रेय एका नांवावर मांडूं गेल्यास हिशेब चुकतो. निराधार योजनेचेंही तसेंच. तथापि या सर्व वजावटी करून जें शिल्लक राहतें तें थोडें नाहीं.

इतर कृत्यांचा निकाल असाच संमिश्र आहे. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेंतून जालना असे नवे जिल्हे निघाले. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरीसाठीं रत्नागिरीपर्यंत जावें लागत असे. त्याचे हेलपाटे वांचले हें निर्विवाद. त्याच वर्षीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. नांवानें पोट भरत नाहीं असें त्या वेळीं म्हटलें गेलें. तें खरें आहे, पण पोट भरणें हा कांहीं नांवाचा धर्म नव्हे. लंडनांतून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा मात्र घोषणाच राहिली. जी तलवार आणावयाची ती भवानीच काय याविषयीं इतिहासज्ञांत मतभेद, आणि ती आजतागायत आली नाहीं. ही घोषणा आठवण्याचें कारण एवढेंच कीं वर्तमानपत्रें पुढाऱ्याला वापरतात तसा पुढारीही वर्तमानपत्रांना वापरीत असतो. मोठ्या टायपांत छापून येईल असें बोलण्याची हौस असलेल्या माणसानें, मोठ्या टायपांतच आपली निंदा छापून आली म्हणून फार कुरकुर करूं नये.

सिमेंटच्या प्रकरणांत एक गोष्ट त्या वेळच्या गदारोळांत मागें पडली, ती येथें सांगितली पाहिजे. परवान्याला पैशाचें मोल आलें तें नियंत्रणामुळें. अंतुले यांच्या राजीनाम्यानंतर लवकरच, फेब्रुवारी १९८२ मध्यें, केंद्र सरकारनें सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविलें; १९८९ सालीं तें पुरतें उठविलें. त्यानंतर सिमेंटच्या परवान्यावरून कोणा मुख्य मंत्र्याला जावें लागलें नाहीं, कारण परवानाच उरला नाहीं. व्यक्तीचा दोष होता. तो न्यायालयानें दाखविला. पण व्यवस्थेचा दोष असा होता कीं त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकापुढें ती रोज उघडी थैली ठेवीत असे. वर्तमानपत्राला व्यक्ति दिसते, कारण व्यक्तीचें छायाचित्र निघतें. व्यवस्थेचें छायाचित्र काढतां येत नाहीं.

आणि ज्या न्यायालयाच्या शब्दावर आपण प्रकरण मिटलें असें समजतों, त्याची चाल किती सावध असते तें पाहावें. रामदास नायक यांनीं अंतुले यांच्यावर फौजदारी फिर्याद केली होती. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं ठरविलें कीं ती चालविण्यास सरकारच्या पूर्वसंमतीची गरज नाहीं, आणि खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोंपविला. १९८८ च्या एप्रिलांत त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढें तो विषय आला. कायद्यानें जो खटला विशेष न्यायाधीशापुढें चालावयाचा तो उच्च न्यायालयाकडे नेण्यांत आरोपीचा अपिलाचा एक हक्क बुडाला, सबब आपला १९८४ चा तो हुकूम चुकीचा होता, असें बहुमतानें ठरलें. न्यायालयाच्या चुकीनें पक्षकाराचें नुकसान होऊं नये, हें जुनें तत्त्व त्यांत उच्चारलें गेलें. देशांतल्या सर्वांत वरच्या न्यायासनानें चार वर्षांनीं स्वतःची चूक मान्य करावी, आणि तीही जनमानसांत ज्याचा निकाल केव्हांच लागला होता अशा माणसाच्या बाबतींत, ही गोष्ट लहान नव्हे. अंतुले यांना शिक्षा अशी कधींच झाली नाहीं. पुढें ते लोकसभेंत गेले, १९९५ सालीं केंद्रांत आरोग्यमंत्री झाले, २००६ सालीं अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले.

घाईच्या निवाड्याचें उदाहरण याहून जुनें हवें असेल तर गोपाळ कृष्ण गोखले यांचें आहे. १८९७ सालीं ते वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं आलेल्या सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केले, असें मित्रांच्या पत्रांवरून त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांत सांगितलें. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं जाहीर माफी मागितली. इंग्रजी पत्रांनीं त्यांना खोटें ठरविलें, स्वकीयांनीं भित्रें ठरविलें. एकतीस वर्षांच्या त्या माणसाचें सार्वजनिक जीवन संपलें, असेंच बहुतेकांना वाटलें असेल. दोन वर्षांनीं ते मुंबईच्या कायदे कौन्सिलांत निवडून गेले. १९०२ च्या मार्चांत वरिष्ठ कौन्सिलांत त्यांनीं अंदाजपत्रकावर जें भाषण केलें त्यापासून हिंदुस्थानच्या जमाखर्चाकडे पाहण्याची सुशिक्षितांची दृष्टिच पालटली. १९०५ सालीं भारत सेवक समाज निघाला. १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल त्यांनीं आणलें. या उदाहरणांत एक काटा आहे तो विसरतां कामा नये. ज्या घाईनें गोखले भरडले गेले त्याच घाईनें, म्हणजे पत्रांतला मजकूर पडताळून न पाहतां, त्यांनीं स्वतः आधीं आरोप केला होता. आणि आणखी एक: प्लेगच्या त्या दिवसांत पुणेंकरांना जाच झाला हें काल्पनिक नव्हतें. माफी पुराव्याच्या अभावाची होती. जाच झालाच नाहीं, असें तिनें सिद्ध होत नव्हतें.

येथें एक शंका सहज निघेल. धीर धरा, वाट पाहा, असें म्हणत बसलें तर लबाडाचें फावेल; मुदत संपेल आणि तो नामानिराळा होईल. शंका रास्त आहे. १९८१ सालीं सर्वांनीं दहा वर्षें वाट पाहावयाची असें ठरविलें असतें तर सिमेंटचे परवाने तसेच वांटले गेले असते. म्हणून धीर सगळ्या बाबतींत सारख्या मापाचा नसावा. सही कोणाची, रक्कम किती, लाभ कोणाला, या प्रश्नांना लगेच उत्तर मागावें. कारण त्यांचे कागद आजच असतात, आणि उद्यां ते नाहींसेही होऊं शकतात. योजना चांगली कीं वाईट, जिल्हा तोडला हें बरें झालें कीं नाहीं, धक्का बांधला तो लोकांना उपयोगी पडला काय, या प्रश्नांना मात्र आज उत्तर नसतेंच, कितीही अग्रलेख लिहिले तरी. घरांतल्या जेवणाच्या पंगतींत हे दोन प्रकार एकत्र कालवले जातात. मुलगा लांचेचा कागद दाखवितो, बाप रस्त्याचें काम दाखवितो, आणि दोघेही दुसऱ्याला आंधळा म्हणतात.

कागद कोठें पाहावा, हेंही सुशिक्षित कुटुंबांना पुष्कळदां ठाऊक नसतें. सरकारचें अंदाजपत्रक मांडलें जातें त्या दिवशीं पत्रांत रंगीत कोष्टकें येतात. तीं पुढच्या वर्षाच्या आशेचीं असतात. परंतु अंदाजपत्रकाच्या मूळ पुस्तकांत प्रत्येक बाबीपुढें आणखी आंकडे असतात: सरलेल्या वर्षीं खरोखर किती खर्च झाला, चालूं वर्षीं किती धरला होता, आणि मध्येंच सुधारून किती केला. मंत्र्यानें दोन वर्षांपूर्वीं टाळ्या घेतलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्चलेली रक्कम यांची भेट त्या पानावर होते. ही भेट बहुधा शांतपणें होते, कारण तेथें कोणी बातमीदार हजर नसतो. त्यापुढें महालेखापरीक्षकांचा अहवाल असतो, आणि तो तपासणारी लोकलेखा समिति असते. संसदेंत १९६७ पासून या समितीचें अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. म्हणजे हिशेब पाहणारा माणूस सरकारचा मिंधा नसतो. हे अहवाल उशिरा येतात ही त्यांची उणीव खरी, पण या विषयापुरता तोच त्यांचा गुण आहे. शिवाय २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें मांडव्याच्या कोणाही रहिवाशाला दहा रुपयांच्या अर्जावर अलिबागच्या तहसिलींतून विचारतां येतें कीं निराधारांच्या यादीसाठीं या वर्षीं अर्ज किती आले, मंजूर किती झाले, आणि नामंजूर झाले ते कोणत्या कारणानें.

वर्तमानपत्र टाकून द्यावें असा याचा भाव नाहीं. अंतुले यांचें प्रकरण वर्तमानपत्रावांचून बाहेरच आलें नसतें. महालेखापरीक्षकाची वाट पाहत तें कोठें तरी फायलींत निजलें असतें. फक्त वाचण्याची एक रीत आहे. विरोधी पत्रानें ज्या कामाचें श्रेय नाइलाजानें दिलें तें श्रेय खरें समजावें. अनुकूल पत्रानें जो दोष हळूच कबूल केला तो दोष खरा समजावा. उरलेला मजकूर दोन्हीकडे आपापल्या स्वभावानुसार असतो. ज्या घरांत एकच पत्र येतें, आणि तेंही आपल्या मताचें, त्या घराला ही सोय नाहीं. त्यांना रोज सकाळीं आपलाच चेहरा आरशांत दिसतो आणि ते त्याला जगाची बातमी म्हणतात.

मतदारांनीं अंतुले यांची पारख एकदां नव्हे, अनेकदां केली, आणि प्रत्येक वेळीं एकच उत्तर दिलें नाहीं. कुलाबा मतदारसंघानें त्यांना १९८९, १९९१ व १९९६ सालीं लोकसभेंत पाठविलें. मध्यंतरीं १९९८ व १९९९ सालीं तेथून शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर निवडून आले. २००४ सालीं पुन्हां अंतुले निवडून गेले. यांतली कोणती निवड सिमेंट विसरून झाली आणि कोणती निराधार योजना आठवून झाली, हें मतपेटी सांगत नाहीं. २००८ सालीं मतदारसंघांची फेररचना झाली. जिल्ह्याचें नांव १९८१ सालींच बदललें असलें तरी लोकसभेच्या दप्तरांत तोंवर 'कुलाबा' हेंच नांव चालूं होतें. तें आतां जाऊन त्या जागीं 'रायगड' असा नवा मतदारसंघ आला, आणि मांडव्याची मतें त्यांत गेलीं. २००९ सालीं त्या नांवानें पहिली निवडणूक झाली. अंतुले उभे होते. अनंत गीते निवडून आले.